दरज भक्कम, तर अंगण भक्कम

पोरी, घर झालं, रंग झाला, आता दारातली आणि परड्यातली फरशी तेवढी राहिली, असं तू म्हणालीस. नेमकं याच ठिकाणी लोक हात आखडतात. पैसे संपत आलेले असतात, गवंड्याला पुढचं काम खुणावत असतं, आणि अंगणाची फरशी कशीतरी उरकली जाते. घरातली फरशी छपराखाली असते. दारातली मात्र आषाढाचा पाऊस, वैशाखाचं ऊन, गाडीची चाकं आणि रंगपंचमीचा रंग सगळं अंगावर घेते. त्यात आता घरोघरी जोराच्या पाण्याचं धुण्याचं मशीन आलं आहे. फरशी निवडायला तू चार दुकानं फिरलीस, पण दोन फरश्यांमधली दरज कशानं भरायची हे कुणाला विचारलं नसशील. माझा जन्म बांधकामावर देखरेख करण्यात गेला. अंगण आधी दरजेत मरतं आणि मग फरशीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून हे चार शब्द ऐकून घे.

मशिनाचा जोर आधी समजून घे

गच्चीवरची टाकी नळापासून दहा मीटर उंच असेल तर नळाला एक बार दाब मिळतो. घरगुती धुण्याच्या मशिनाचा दाब असतो शंभर बारच्या पुढे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला शंभर किलोच्या वर. गाड्यांच्या सर्व्हिसिंगचे काही पंप त्याहूनही तगडे असतात. ती धार दरजेवर पडली की फक्त वरची माती निघत नाही. दरजेत केसाएवढी चीर असेल तर पाणी तिथून आत शिरतं, आतल्या पोकळीत कोंडतं आणि वरचा पापुद्रा खालून उचलून फेकतं. मग पुढच्याच फेरीत खालची वाळू वाहून जाते, फरशी डगमगते आणि लोक म्हणतात, मशिनानं वाट लावली. खरं तर दरज आधीपासून पोकळ होती. भरीव, खोल, चिकटून बसलेली दरज नीट धरलेल्या धारेला दाद देत नाही. म्हणून तुला निवड करायची आहे ती अशा दरजेची.

जशी गादी, तशी दरज

माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घे. फरशी कशावर बसली आहे त्यावरून दरज ठरते, दुकानदाराच्या कपाटात काय आहे त्यावरून नाही.

खाली सोलिंग, त्यावर काँक्रीट आणि त्यावर सिमेंटच्या मालात फरशी असेल तर गादी घट्ट आहे. तिथं दरजही घट्ट हवी, म्हणजे सिमेंट-वाळूची किंवा इपॉक्सीची. खाली मुरूम, त्यावर वाळू किंवा कच आणि त्यावर पेव्हिंग ब्लॉक असतील तर गादी मोकळी आहे. चाक आलं की ब्लॉक किंचित हलणार, पाऊस आला की पाणी मुरणार. तिथं दरज मोकळीच हवी, वाळूची. मोकळ्या गादीवर सिमेंटची दरज भरली तर ती पहिल्याच पावसाळ्यात तुकडे होऊन निघते. उलट घट्ट गादीवर नुसती वाळू भरली तर मशिनाची पहिली धार ती सगळी गटारात नेते. ही जोडी चुकली की मग महागातला महाग माल आणला तरी उपयोग नाही.

आपल्या कोल्हापूरच्या भागात आणखी एक पाहायचं. प्लॉट काळ्या मातीचा असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यावर थेट फरशी टाकू नकोस. काळी माती काढून मुरूम भर, पाणी मारून धुम्मस कर, मग दगडाचं सोलिंग आणि वर काँक्रीट. आणि ढाळ दे, दहा फुटांना दीड ते दोन इंच. पाणी साचलं की शेवाळ आलं, शेवाळ आलं की मशीन आलं. ढाळ नीट असेल तर मशीन बाहेर काढायची वेळच कमी येते.

दगड ओळखून घे

शहाबादी येते कलबुर्गीकडून, कडप्पा आंध्रातून, कोटा राजस्थानातून. नावं वेगळी, पण तिन्ही चुनखडीचेच दगड. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्याची जात निराळी. फरक पाहायचा असेल तर शहाबादीच्या फुटक्या तुकड्यावर बाथरूमच्या ॲसिडचा एक थेंब टाक. लगेच फसफसेल. काळ्या दगडावर तसं होणार नाही.

हे कशासाठी सांगतो? काम संपलं की फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला कामगार ॲसिड मागवतात. ॲसिड शहाबादी खातं आणि दरजेतलं ताजं सिमेंटही खातं. दिसायला अंगण लख्ख होतं, पण दरजेचा वरचा थर तिथंच भुसभुशीत होतो, आणि पुढे मशिनाच्या धारेत तोच पहिला निघतो. म्हणून तुझ्या अंगणात ॲसिडचा डबा येऊच देऊ नकोस. डाग पडले तर ओले असताना फडक्यानं आणि स्पंजानं पुसून घ्यायला लाव.

जांभ्याचं म्हणशील तर पन्हाळ्याच्या पठारावर, राधानगरी, गगनबावड्याकडे तो घरोघरी आहे. तो सच्छिद्र आणि मऊ असतो. त्याच्या दरजेत कडक सिमेंट भरलं की दरज तशीच राहते आणि शेजारच्या दगडाची कड झिजते. जांभ्याला आणि जुन्या वाड्यांच्या फरशीला चुन्याचीच दरज शोभते आणि टिकतेही. तिथं मशीन लावायचं नाही. खराटा, साधा पाइप आणि हाताची मेहनत, एवढंच.

थोरामोठ्यांनी काय केलं तेही डोळ्यांखालून घाल. अंबाबाईच्या देवळाचे काळे दगड असे घडवून बसवले आहेत की दरजेला जागाच उरत नाही. खिद्रापूरला कोपेश्वराचा स्वर्गमंडप बाराव्या शतकातला, ४८ खांबांचा, आणि मधोमध छत उघडं. पाऊस थेट खाली पडतो, आणि जिथं पडतो तिथं अखंड गोल शिळा आहे. जिथं पाण्याचा मारा जास्त तिथं दरज कमीत कमी, हा धडा त्यातून घ्यावा. तुझ्या दारातही पन्हळीखाली, नळाखाली आणि गाडी धुण्याच्या जागी मोठी सलग फरशी टाक. छोटे तुकडे तिकडे कोपऱ्यात वापर.

खोली दे, नुसती रेघ ओढू नकोस

गवंडी घाईत असला की फरशीवर सिमेंटचा निरू ओततो, रबराच्या पट्टीनं ओढतो आणि दरजा भरल्या म्हणतो. वरून सारं काळंभोर आणि सलग दिसतं, पण आत दोन-चार मिलिमीटरचा पापुद्रा असतो. दाढेतली कीड तशीच ठेवून वरून चांदी भरावी, तसला हा प्रकार. निरूत वाळू नसते, त्यामुळे तो सुकताना आकसतो आणि फरशीच्या कडेपासून सुटतो. मशिनाची धार त्याच्या सालपट्या काढते.

हातानं घडवलेल्या शहाबादीला किंवा काळ्या दगडाला दरज ८ ते १० मिलिमीटर रुंद ठेव आणि निदान २५ मिलिमीटर खोल भर. फरशी त्याहून पातळ असेल तर तिच्या पूर्ण जाडीइतकी. मशीनकट, सरळ कडांच्या फरशीला ४ ते ५ मिलिमीटर पुरे. कडेला कड भिडवून, दरजच न ठेवता फरशी बसवू नकोस. उन्हानं फरशी फुगते आणि जागा नसेल तर कडा टवकतात.

आता खर्चाचा हिशेब ऐक. ५०० चौरस फुटांचं अंगण, दोन बाय दोनची शहाबादी. दरजेची लांबी होते साधारण ५०० फूट. ८ मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर खोल धरली तर सगळ्या अंगणाला माल लागतो एक घनफुटाच्या आसपास, आणि त्यात सिमेंट अर्ध्या पोत्याहूनही कमी. म्हणजे पूर्ण खोल दरजेला मालाचा खर्च जवळजवळ नाहीच. खर्च आहे तो मजुरीचा आणि वेळेचा. मजुरी वाचवायला गेलं की दरज उथळ होते. तेव्हा कंत्राटदार म्हणाला, 'एवढी खोल कशाला, माल लई जातो', तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेव.

माल आणि वाळू

दरजेला एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली बारीक वाळू. सिमेंट जास्त घातलं की दरज जास्त मजबूत होते, हा गैरसमज आहे. जास्त सिमेंटची दरज तडकते. पाण्याबरोबर एसबीआर लॅटेक्स घ्यावं. बांधकामाच्या दुकानात ते दुधाळ पातळ रसायन डब्यात मिळतं. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, ते वाचून मोजून घाल, अंदाजानं नाही. त्यानं दरज फरशीच्या कडेला धरून राहते आणि पाणी कमी पिते. मशीन वापरणारच असशील तर एवढा खर्च सोडू नकोस.

वाळू नदीची असो की क्रशरची, तपासल्याशिवाय घ्यायची नाही. काचेची उभी बाटली घे. तिसरा हिस्सा वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलव आणि तीन तास हात लावू नकोस. वाळू खाली बसते आणि तिच्यावर गाळाचा मऊ थर दिसतो. वाळूचा थर दहा सेंटिमीटर असेल तर गाळ आठ मिलिमीटरच्या वर नको. जास्त असेल तर वाळू धुऊन घ्यायला लाव. गाळाची वाळू सिमेंटला धरू देत नाही. अशी दरज वाळल्यावर खिळ्यानं ओरखडली की पीठ निघतं.

भरण्याची रीत

पहिलं, फरशीखाली माल पूर्ण पसरायचा. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून फरशी दाबली की खाली पोकळी राहते आणि दरजेतून शिरलेलं पाणी तिथं मुक्काम करतं. दुसऱ्या दिवशी हातोडीच्या लाकडी दांड्यानं प्रत्येक फरशी ठोकून बघ. बद्द आवाज आला ती लगेच उचलायला लाव, दरज भरल्यावर नाही.

दुसरं, फरशी बसवली त्याच दिवशी, माल ओला असताना, दरजेतला वर आलेला माल खरवडून खोल जागा करून ठेवायची. तो वाळला की मग छिन्नी लागते आणि कडा फुटतात.

तिसरं, भरायच्या आधी दरज झाडून, धुऊन ओलसर ठेवायची, पण पाणी साचलेलं नको. माल मुठीत दाबला तर गोळा व्हावा, हाताला पाणी सुटू नये, इतका कोरडसर. दोन थरांत भरायचा, प्रत्येक थर लोखंडी पट्टीनं दाबून. शेवटी गोल सळईनं ओढून दरज किंचित खोलगट करायची, फरशीच्या पातळीपेक्षा एखाद-दोन मिलिमीटर खाली. फुगलेली दरज चाकाखाली आणि धारेखाली आधी उडते.

चौथं, पाणी. दुकानात बहुतेक पीपीसी सिमेंट मिळतं. त्याला निदान दहा दिवस ओलावा हवा. ओलं गोणपाट पसरून ठेव. सकाळ-संध्याकाळ पाइप मारून भागत नाही, दुपारी ते कोरडं पडतं. आणि २८ दिवस होईपर्यंत मशीन दाराबाहेर.

पाचवं, मुहूर्त. हे काम दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत कर. चैत्र-वैशाखात दरज भरता भरता वाळते. पावसाळ्यात तर कधीच नको.

सुटी दरज विसरू नकोस

दर दहा-बारा फुटांवर, आणि फरशी भिंतीला किंवा ओट्याला भिडते तिथं, एक दरज सिमेंटनं भरायची नाही. तिच्यात फोमची दोरी दाबून वर बाहेरच्या कामाचं पीयू सीलंट भरायचं. ऊन चढलं की फरशी फुगते. तिला हलायला ही जागा मिळाली नाही की बाकीच्या दरजा तडकतात, आणि मग त्या तड्यांतून मशिनाचं पाणी शिरतं. सीलंटवर मात्र धार मारायची नाही, तिथं हातानं पुसायचं.

इपॉक्सी कुठं घ्यावी

इपॉक्सी दणकट आहे. पाणी पीत नाही, तेलाचा डाग धरत नाही, रंगपंचमीचा रंग तिच्यात मुरत नाही. पण ती सरसकट घेऊ नकोस. मशीनकट फरशीची ४ मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर खोल दरज असेल तर ५०० चौरस फुटांना दहा-बारा किलो पुरते. रुंद आणि खोल दरज असेल तर तीच पन्नास किलोवर जाते आणि खिसा रिकामा होतो. दरज हाडासारखी कोरडी असल्याशिवाय ती नीट धरत नाही. मिसळली की अर्ध्या-पाऊण तासात संपवावी लागते. खडबडीत दगडावर तिचा चिकट थर राहिला तर निघता निघत नाही. उघड्यावर उन्हानं तिचा रंग पिवळट पडतो, म्हणून पांढरी घेऊ नकोस, करडी घे. गाडी उभी राहते, तेल सांडतं, तिथं इपॉक्सी. बाकी अंगणाला सिमेंटची.

तयार पाकीट घेणार असशील तर त्यावरची खूण वाच. सिमेंटच्या तयार मालावर 'सीजी २' आणि पुढे 'डब्ल्यू', 'ए' लिहिलेलं असेल तर तो पाणी कमी पितो आणि झीज सोसतो. इपॉक्सीवर 'आरजी' असतं. आणि पाकिटावर तो बाहेरच्या कामासाठी आहे असं छापलेलं हवं. स्नानगृहाचा माल अंगणात टिकत नाही.

पेव्हिंग ब्लॉकचं निराळं

पार्किंगला ब्लॉक घालणार असशील तर नुसत्या पायवाटेला ५० मिलिमीटर जाडी चालते, पण घरची गाडी येणार असेल तर ६० मिलिमीटरच्या खाली जाऊ नकोस. दरज २ ते ४ मिलिमीटर, आणि भरायची बारीक कोरडी वाळू. व्हायब्रेटर फिरवून ती तळापर्यंत उतरवायची, पुन्हा वाळू, पुन्हा व्हायब्रेटर. कडेला काँक्रीटची पट्टी पक्की हवी, नाहीतर ब्लॉक सरकतात आणि दरजा उघडतात. पाण्यानं घट्ट होणारी पॉलिमरची वाळूही मिळते. ती कोरड्या दिवशीच भरावी, आणि तीही थेट धारेला पुरत नाही. ब्लॉक मशिनानं धुतले की वरची थोडी वाळू जाणारच. अंगण वाळलं की पुन्हा वाळू झाडून भर. ते या कामाचं नेहमीचं देणं आहे, त्यात नुकसान काही नाही.

मशीन धरायची रीत

बहुतेक मशिनांना रंगीत तोंडं असतात. लाल म्हणजे शून्य अंशाची सुईसारखी धार. ती दरजेजवळ नको. गोल फिरणारं तोंडही नको. हिरवं २५ अंशांचं आणि पांढरं ४० अंशांचं, ती वापर. फरशीपासून फूटभर लांब, तिरपी धार, आणि दरजेला आडवं जायचं. दरजेच्या रेषेत धार चालवली की ती नांगरासारखी माती काढते. शेवाळ असेल तर आधी ब्लीचिंगच्या पाण्यानं मारून, ब्रशानं घासून घे, मग धार कमी लागते. पायात बूट, प्लग अर्थिंगचा आणि लेकरं लांब.

आणि आपल्या गावात पूर विसरून चालत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ ला ५६ फुटांच्या वर. सुतारवाडा, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर पाण्याखाली गेले. पाणी ओसरलं की गाळ उरतो, आणि तो वाळला की सिमेंटसारखा बसतो. गाळ ओला असतानाच फावड्यानं आणि खराट्यानं काढायचा, मग साधा पाइप, आणि मशीन सर्वांत शेवटी. बरेच दिवस पाण्याखाली राहिलेल्या अंगणाची गादी फुगलेली असते. तिच्यावर लगेच पूर्ण जोरानं धार मारली की चांगली दरजही सुटते. आधी चार दिवस वाळू दे, फरश्या ठोकून बघ, मग धू.

बयाणा देण्याआधी

गवंड्याला बयाणा द्यायच्या आधी कागदावर सहा ओळी लिही आणि त्याची सही घे. दरजेची रुंदी आणि खोली. एकास तीनचा माल, लॅटेक्ससह. फरशीखाली पूर्ण माल, गोळे नाहीत. दहा दिवस ओलं गोणपाट. ॲसिड नाही. आणि मजुरीचा शेवटचा हप्ता २८ दिवसांनी, मशिनानं धुऊन पाहिल्यावर. चांगला गवंडी या अटींना नाही म्हणत नाही, उलट त्याला बरं वाटतं की घरच्यांना कामातलं कळतं. जो नाही म्हणेल, त्याला चहा पाज आणि दुसरा शोध.